चाव्या

जुलै लागला की आमची इमारत रिकामी होते.
सालमियाच्या या गल्लीत
गाड्यांवर खाकी कव्हरं चढतात
आणि माझ्या दारामागच्या खिळ्यावर चाव्या.
मुकादमांची, लिसी सिस्टरची, कडवेकरांची,
चौथ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याची.
"झाडंबिडं काही नाहीत, हेमांगीताई,
फक्त फ्रिज तेवढा बघा."

मी का जात नाही, ते कुणी विचारत नाही.
चावी देणारा विचारत नसतो.

शुक्रवारी सकाळी निघते,
जिन्याचा कठडा हात लावण्याजोगा असतो तोवर.
पिशवीत जुना टूथब्रश, सोड्याचं पाणी, मलमलीचं फडकं
आणि पाव दिनारची एक नोट.
नोट दारात धरायची, दार लावायचं, ओढायची.
अलगद सुटली तर रबर गेलं समजा.
हे मला एका मलबारी मेकॅनिकने शिकवलं.
तो बोलायचा कमी.
आमच्या फ्रिजला कान लावून उभा राहिला बराच वेळ,
मग म्हणाला, याला धाप लागलीय,
भिंतीपासून वीतभर पुढे घ्या.

मुकादमांचाही धापा टाकतो.
तोझ येऊन गेलं की मागच्या जाळीवर
पिठासारखी माती.
खिडक्या बंद, फटींना टेप,
तरी कुठून येते कोण जाणे.
प्लग काढून ब्रशने झाडते,
ती तिथून उठते आणि माझ्या पापण्यांवर बसते.

लिसीच्या फ्रिजमध्ये एका डबीत मोगऱ्याचा गजरा.
तपकिरी झालाय.
टाक म्हणाली नव्हती, ठेव म्हणाली नव्हती.
डबी उचलते, खालची काच पुसते,
डबी परत तिथेच.

नव्या जोडप्याने मात्र बटण बंद केलं
आणि दार घट्ट लावून गेले बिचारे.
उघडलं तर आत हिरवी मखमल,
वास असा की मी जिन्यापर्यंत मागे आले.
बंद करून जायचं तर दार उघडं ठेवावं,
मध्ये टॉवेलची घडी घालून,
हे त्यांना कोण सांगणार?
आईने दिलेलं लिंबाचं लोणचं तेवढं शाबूत.
व्हिनेगरने तीनदा धुतलं सगळं.
कळवलं नाही.
संसार नवा आहे.

आणि कडवेकर.

कडवेकर सुट्टीवर गेलेलेच नाहीत.
मार्चपासून पगार नव्हता, जूनमध्ये कंपनीला कुलूप,
मग मुलांच्या दाखल्याचं निमित्त.
घराचं भाडं ऑगस्टअखेरपर्यंत भरलंय.
फोनवर म्हणाले, "चालू ठेवा हं. बंद नका करू."
"अहो, आत काहीच नाही."
"असू द्या."

खरंच काही नाही.
बर्फाचा एक ट्रे,
दारात अंड्यांचे बारा खळगे, बाराही रिकामे.
तरी पुसते. रबराच्या चुणीचुणीतून बोट फिरवते,
पाणी जायचं तळाचं भोक
विणायच्या सुईने मोकळं करते.
रिकाम्या फ्रिजला थंडी धरून ठेवता येत नाही,
दार उघडलं की सगळी सांडते,
हेही त्या मलबाऱ्याचंच.
म्हणून नळाचं पाणी भरून
सहा बाटल्या ठेवल्यात आडव्या.
नळाचं पाणी तरी काय, या दिवसांत चहाचंच.
थंड व्हायला त्यांना दुपार होते.

परवा हारिस दारात येऊन उभा राहिला.
"या घरात कोण आहे?"
त्याला आवाज ऐकू आला होता,
घुर्र, मग थोडं थांबून एक खडखड.
कोणी नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि म्हटलं, आहेत. येतील.

तो गेल्यावर नोट काढली.
दारात धरली, दार लावलं, ओढली.
सुटेना.
पुन्हा ओढली, जरा जोरात,
फाटेल म्हणून सोडून दिली.

अजून तिथेच आहे,
अर्धी आत, अर्धी बाहेर.