पाणी उताराने जाईल

मी निनावे साहेबांचा भोंगा होतो.
म्हणजे सकाळी आठपासून ऑटोत बसून
"आपल्या टिमकीचा पोरगा, सात देश फिरून टिमकीत"
हे ओरडणारा माणूस.
पोरगा सदुसष्ट वर्षांचा. एप्रिल, चव्वेचाळीस डिग्री,
तरी बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली.

पहिल्याच सभेत म्हणाले,
"आपल्या भावनांची मी नोंद घेतली आहे."
गोळीबार चौकात एक टाळी नाही.
पुढं बसलेली म्हातारी म्हणाली,
"नोंद कायले घेतं बावा, नळ आण."
त्यांनी खिशातून डायरी काढून
त्याचीही नोंद घेतली.

बाप करवती काठ विणायचा.
त्यातला हातभर तुकडा साहेबांनी
प्रत्येक देशात दिवाणखान्यात लावला.
पाहुणे विचारत, कुठल्या राजघराण्याचा?
हे सांगत, टिमकी.
पाहुणे मान डोलवत,
जणू राज्य त्यांच्या ऐकण्यातलं.

लोकसभेला अनामत जप्त झाली.
त्या रात्री मंडपवाल्याचे पैसे उभ्यानंच दिले,
पावती मागितली, आणि मला म्हणाले,
"गुणवंत, तुझा घसा बसलाय. ज्येष्ठमध चघळ."

मग महापालिका.
मी म्हटलं, साहेब, राजदूत होते तुम्ही,
आता कचऱ्याच्या गाडीसाठी झोन ऑफिसात बसाल काय?
ते काही बोलले नाहीत. फॉर्म भरला.
त्रेचाळीस मतांनी आले.

हेडाऊ आणि सोनकुसरे. मधे वीतभर नाली.
एकोणीस वर्षं, दोन केसेस, एक फुटलेलं डोकं.
साहेबांनी दोन खुर्च्या मागवल्या
आणि टेपनं त्यांची उंची मोजली.
टेबल गोलच पाहिजे म्हणाले.
टिमकीत गोल टेबल कुठलं?
केबलवाल्याकडचं वायरचं लाकडी चाक
आम्ही लोळवत आणलं, आडवं टाकलं.

तीन दुपारी पेन्सिलीनं लिहीत होते.
"हेडाऊंची नाली." खोडलं.
"सोनकुसऱ्यांची नाली." खोडलं.
"सामाईक" म्हटल्यावर दोघंही उठून उभे राहिले,
म्हणून तेही खोडलं.
शेवटी कागदावर एवढंच राहिलं:
पाणी उताराने जाईल.
सोनकुसऱ्यांनी सही केली.
हेडाऊ पदवीधर, पण हट्टानं अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी पोह्याच्या ठेल्यावर
मी जरा जास्तच कौतुक केलं.
ते तर्रीवरचा तेलाचा तवंग चमच्यानं बाजूला करत राहिले.
मग म्हणाले,
"एकदा माझ्याकडे एक विमान होतं.
जागा एकशे ऐंशी. यादीत माणसं दोनशे तीन.
तेव्हाही पेन्सिलच होती हातात."
मी विचारलं नाही.
ठेलेवाल्यानं विचारलं, तर्री वाढू?
ते म्हणाले, वाढ.

साहेबांना जाऊन दोन वर्षं झाली.
परवा नाली पुन्हा तुंबली.
हेडाऊचा पोरगा माझ्या दारात:
"काका, तो कागद तुमच्यापाशी आहे म्हणतात."
आहे. पण पेन्सिल पार उडालीय,
अंगठा तेवढा ठळक.

गेलो. दोन्ही घरं ओसरीवर उभी होती.
भोंगा नव्हता, घसाही पहिल्यासारखा नाही.
कोरा कागद डोळ्यांसमोर धरला
आणि वाचायला लागलो.