चौकडीवरचा हत्ती

जूनचा गणवेशांचा हंगाम सरला
तेव्हा मशीनखाली उरली
निळ्या-पांढऱ्या चौकडीची दीड हात चिंधी.
फडकं होणार होतं तिचं, पुसायचं.
सिद्धव्वाक्का म्हणाली, थांब गे,
हे तर देवानं मोजून ठेवलेलं कापड.

ती इरकलीच्या पदरावर कशिदा काढायची,
काळ्यावर, एकेक धागा मोजून.
मोजण्यातच डावा डोळा गेला म्हणते.
डॉक्टर म्हणतो, मोतीबिंदू.

वडगावात वीज गेली की
माग एकदम गप्प होतात,
कानांना पोकळ वाटतं.
तेवढ्यात आम्ही उंबऱ्यावर बसायचो,
उजेड आहे तोवर.

ती कानडीत मोजायची, मराठीत रागवायची.
ओंदू, येरडू, मूरू...
अगं तिसऱ्यात नव्हं, तिसरं सोडून!
जाताना एक घर भरायचं, एक सोडायचं,
येताना सोडलेली भरत माघारी यायचं.
आणि गंटु हाकब्याड.
गाठ नाही. कुठंच नाही.
दोऱ्याचं शेपूट आपल्याच टाक्यांखाली निजवायचं,
म्हणजे उलटं केलं तरी हत्ती तो हत्तीच.

मी तीस वर्षं गाठी मारून पोट भरलेली बाई.
हुक, काज, बटण, नाडी,
बोटं आपसूक वळतात तिकडं.
तीनदा उसवलं.
चौथ्यांदा तिनं सुईच काढून घेतली,
चहा टाक म्हणाली.

तिचा हत्ती पदरावर अंगठ्याएवढा असायचा.
एका घराला एक टाका धरला, तर माझा
भुश्याच्या पोत्यासारखा पसरला,
सोंड निघाली थेट काठाबाहेर.
अंबारीला जागाच नाही.
राजा चालत जाऊ दे, अक्का म्हणाली,
त्याला काय धाड भरलीय.

दोरा घेतला होता पांढरा.
खडेबाजारात लाल मिळाला असता,
पण घरी पांढऱ्याची रिळं पडून होती,
आणि मी हिशेबाची.
गडद निळ्या घरात टाका चांदणीसारखा उठायचा,
फिक्या निळ्यात दुधात पडल्यासारखा,
आणि पांढऱ्या घरात...
पांढऱ्या घरात काहीच नाही.
मी काढत होते, आणि काही होत नव्हतं.

मागचा डावा पाय नेमका तिथं आला.
अख्खा पाय, नखांसकट.
दोन संध्याकाळी गेल्या त्यात.

आता डब्यावर ते फडकं बांधते.
शेजारची प्राजक्ता रोज विचारते,
मावशी, हत्तीला तीनच पाय?
उसवून लाल दोऱ्यानं काढता येईल,
सुईत ओवूनही ठेवलाय,
आठवडा झाला.

तिचं बोट धरते, पांढऱ्या घरावर फिरवते.
आधी काही लागत नाही तिला.
मग थांबते. भुवया वर.
मोज, म्हणते मी,
आणि तिच्याआधी माझ्याच तोंडून
ओंदू.