पाऊण किलो

लोखंडे पुलाच्या अलीकडे शकीलचं दुकान.
बुधवारी सहाला वीज मंडळाचं काउंटर बंद करून
मी तिथे थांबायचे, स्कूटर चालूच ठेवून.
तो काही विचारायचा नाही.
पाऊण किलो खिमा, मशिनीतून दोनदा काढलेला,
चरबी जरा कमी.

शार्दूल बेंगळूरला गेला, तेव्हा म्हटलं, अर्धा.
यांची बायपास झाली, तेव्हा म्हटलं, पाव.
मग एकदा नुसतीच समोरून गेले,
तर त्याने हातातल्या सुरीसकट सलाम केला,
आणि मला रामबागेपर्यंत वाटत राहिलं
की त्याचे पैसे द्यायचे राहिलेत.

आज फोन आला प्रेक्षाचा.
रतलामची. कटारियांची.
शार्दूलच्याच इमारतीत राहते,
निदान मला सांगितलंय तरी तसंच.

आंटी, तीन दिवस ताप होता त्याला.
आज उठून बसलाय आणि ते मागतोय.
तुमचं बुधवारचं.
म्हणतो, सगळ्यात सोपं तेच आहे.

सोपं!
सोपं होतंच म्हणा. मटण तासभर ताटकळवतं,
हे पंचवीस मिनिटांत ताटात.
सासऱ्यांचे शेवटचे चार दात, त्यांनाही सोपं.
मुलांना वाटाणे लपवून खाऊ घालायला सोपं.
उरलंच तर सकाळी पावात.
अवघड काय असेल ते
सहा वाजेपर्यंत उभं राहणं.

विचारलं, कांदा चिरता येतो ना?
पलीकडे शांतता.
मागच्या महिन्यात शिकले, ती म्हणाली,
इतकं हळू, जसं काही रतलामला ऐकू जाईल.

मग मी ओट्याला टेकून सांगत राहिले.
कांदा तांबूस होऊ दे, घाई करू नकोस.
आलं-लसूण. आता ते टाक.
हाताने नको असेल तर पिशवी कात्रीने काप
आणि थेट कढईत उलटी कर, कोणी बघत नाही.
गोळे होतील, उलथन्याने मोडत राहा.
पाणी सुटेल. घाबरू नकोस,
ते त्याचं त्यालाच आटवायचं असतं.
वास बदलला की समज जमलं.
कसा बदलतो?
आता हे कसं सांगू. आधी वेगळा असतो, मग घरासारखा होतो.

मीठ कोण चाखणार, तिने विचारलं. मी नाही खाणार आंटी,
फक्त करणार आहे.
म्हटलं, त्यालाच चाखू दे, तापातून उठलाय,
त्याला सगळं अळणीच लागणार. तू अर्धा चमचा कमी धर.

आणि घेऊ किती?
पाऊण किलो, मी म्हणाले.
तोंडातून निघून गेलं.
खाणारा एकटा, तोही आजारातून उठलेला,
आठवडाभर पुरेल त्याला.
दुरुस्त करणार होते, पण ती लिहून घेत होती,
पेनाचा आवाज येत होता.

आमच्याकडे आज दुधी.
यांनी बिनतक्रार खाल्ला, ताट उचललं,
आणि विचारलं, इतका वेळ कोणाशी बोलून राहिली होतीस?
म्हटलं, आहे एक. खिमा शिकून राहिली आहे.
हे दुधीच्या रिकाम्या वाटीकडे बघत राहिले.

साडेदहाला फोटो आला.
रंग जरा काळपट. वाटाणे पार गळलेले.
पण वरून शेव घातलेली, आमच्या घरच्यासारखी,
जी मी सांगायलाच विसरले होते.
लिहिलं, शेवेचं शार्दूलने सांगितलं का?
नाही, तिचं उत्तर आलं.
मला वाटलं, माझंही काहीतरी असावं त्यात.
पप्पांनी पाठवलीय. लवंगेची आहे.