कोणता हात

डॉक्टरनं कागद पुढं सरकवला. अम्मा, गोल काढा,
आतून बाहेर, गोगलगायीच्या पाठीवर असतो तसा.
चाळीस वर्षं गोलच विकलाय मी,
सव्वादोन, दोन-सहा, अडीच.
कागदावर उमटला तो
डब्यातून पडून तडकलेला.

मांडीवर ठेवला की हात शहाणा असतोय.
काही उचलायला गेला की सुटला.
कपातला चहा बशीत, बशीतला पदरावर.
बांगड्या आधीच वाजायला लागतात,
गिऱ्हाईक म्हणतं, मावशी, अजून घातल्याच नाहीत की.
मागल्या चैत्रात देवणीच्या एका सुनेच्या मनगटात काच शिरली.
रक्त थोडंच. ती हसलीसुद्धा.
मी दुपारीच फळी लावली.

गोळीनं नाडी मंदावली, जिन्यात अंधारी यायली.
म्हणून हैदराबाद.

दवाखान्याच्या बाकड्यावर शिवकन्यानं
बिलबुकाच्या पाठीमागं दोन रकाने आखले.

ऑपरेशन:
कवटीला दोन भोकं, आत तारा,
गळ्याच्या हाडाखाली कातडीत बॅटरीची डबी.
दोन्ही हात.
जागं राहायचं, डॉक्टर विचारत राहणार,
हालायलाय का? आता? आणि आता?
कमी करता येतं, वाढवता येतं, नकोच झालं तर बंद.
बॅटरी संपली की पुन्हा चिरायचं.
पू झाला तर सगळंच काढायचं.

किरणं:
चिरा नाही, टाका नाही.
डोक्याला चौकट, चार स्क्रू,
मग दोनएकशे किरणं वेगवेगळ्या वाटांनी येऊन
मेंदूतल्या मुगाएवढ्या जागी भेटणार.
गुण सावकाश, तीन महिने, सहा महिने,
कुणाला येतच नाही.
कुणाची जीभ जड होते, कुणाची बोटं बधिर.
झालं ते झालं, परत फिरायचं बटन नाही.
आणि सध्या एकच हात.

मी म्हटलं, सांधलेली बांगडी उघडत नसती बाई,
फुटती तेवढी.
शिवकन्या म्हणाली, हे कुठल्या रकान्यात लिहू?

खर्चाच्या ओळीवर नागनाथनं तळहात ठेवला.
बोटांच्या फटीतून वाचला मी.

एकच करायचा तर कोणता, डॉक्टरनं विचारलं.
दोघं एका दमात बोलले, उजवा.
जेवण उजव्यानं, सही उजव्यानं, धंदा उजव्यानं.
मी छताचा पंखा बघत बसले.

परतीच्या गाडीत, भालकी गेल्यावर,
नागनाथ घोरायला लागला तेव्हा पोरीला सांगितलं.
बांगडी उजवा चढवतो, ते सगळ्यांना दिसतं.
डावा खाली असतो. गिऱ्हाइकाचा हात त्याच्यात असतो.
अंगठ्याच्या मुळाशी दाबत दाबत
हाड कुठं वाट देतंय ते तो हुडकतो.
एकदा एक नवी नवरी आली, हिरवा चुडा पाहिजे म्हणाली.
मनगट सुजलेलं डाव्याला कळलं, डोळ्यांना नाही.
मी दोन मापं मोठ्या भरल्या,
विचारलं काहीच नाही.
अजून वाटतं, विचारायला पाहिजे होतं.

मग डावा करू म्हणतेस? आणि भाकरी कशानं मोडशील?
तू मोडून दे.
आई, पहिल्या रकान्यात दोन्ही हात आहेत.
हाव, बघितलंय.

त्या रकान्याचं सगळ्यांना भ्या वाटायलंय, जागं राहायचं म्हणून.
मला तेवढंच त्यातलं ओळखीचं वाटलं.
कुणीतरी हळूहळू आत जायलंय,
वाट हुडकायलंय, आणि थांबून थांबून विचारायलंय,
दुखायलंय का? आता? आणि आता?
चाळीस वर्षं हेच तर बोलले मी,
समोरची दात आवळून बसलेली असताना.

पोरगी काही बोलली नाही.
पेन्सिल रकान्यांच्या मधल्या रेघेवर तशीच.
बाहेर उदगीरचे दिवे यायला लागले.
म्हटलं, नागनाथला उठव.
आणि ते बिलबुक इकडं दे,
उद्या बाजार हाय, कोरी पानं लागतील.