दोन हिरवी बटणं

दुसरी पाळी सुटली की बारा वाजता
श्रमिकनगरच्या खोलीत मी पुस्तक उघडतो. वय त्रेचाळीस.
पेपर सहावा : मानवी घटक आणि कार्यस्थळाची रचना.
लग्नसराईचे ब्लाउज शिवता शिवता वैजयंता
मशीनच्या दिव्याची मान थोडी माझ्याकडे वाकवते.

प्रकरण दोनमध्ये एक तक्ता आहे :
उभ्या माणसाच्या कोपराची उंची, बसलेल्याच्या गुडघ्याची,
पाचव्या शतमकापासून पंच्याण्णवाव्यापर्यंत.
माणसं कुठली, ते खाली बारीक अक्षरात. परदेशी सैनिक.
मी मोठ्यानं वाचतो, तर ती गळ्यातली टेप काढते,
मला भिंतीशी उभं करते.
"एकशे दोन. आणि उजवा खांदा अर्धा इंच खाली.
पंधरा वर्षं तुमचे शर्ट तसेच बेततेय,
माझी कुणी परीक्षा घेतली नाही."

सरासरी माणूस म्हणून कुणी नसतोच,
असं सर म्हणाले होते रविवारच्या संपर्कसत्रात.
बारा विद्यार्थी, दोन झोपलेले.
त्यातला एक मी.

प्रकरण चारला वेळ लागला नाही.
पॉवर प्रेस. दोन हिरवी बटणं, दीड हात अंतरावर,
दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठोका पडत नाही.
पुस्तक म्हणतं : म्हणजे ठोका पडताना
दोन्ही हात बाहेर असतात.
बावीस वर्षं सातपूरला ती बटणं दाबली,
मला वाटायचं, मालकाला
रिकामा हात बघवत नाही.

म्हणून तर डावं बटण आम्ही दाबूनच ठेवायचो.
माचिसची काडी, वरून चिकटपट्टी.
तासाला चारशेचे साडेपाचशे नग.
युक्ती माझी.
सुपरवायझरनं त्या शनिवारी सगळ्यांना मिसळ चारली,
मला तर्री जास्त.

सोमवारी माझ्या मागच्या पाळीला
त्या मशीनवर रंगनाथ गांगुर्डे होता.
काडी मी काढून ठेवली नव्हती.
कुणीच काढायचं नाही.
दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारची.
अहवालात कारणाच्या रकान्यात दोनच शब्द :
मानवी चूक.
मानव म्हणजे रंगनाथ.

प्रकरण पाच म्हणतं, चूक करणाऱ्यापाशी थांबू नका,
मागे मागे जा,
चुकीची वाट सोपी कुणी करून ठेवली ते शोधा.
शेजारी बाण काढलेत, एकातून एक, उलट दिशेला.
शेवटच्या बाणाखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली,
मग खोडली. पुस्तक अभ्यासकेंद्राचं आहे.

परीक्षा सिडकोतल्या महापालिकेच्या शाळेत.
बाक सातवीच्या पोरांच्या मापाचं,
गुडघा हलला की अख्खं बाक उचलतं
आणि शेजारणीची रेघ वाकडी जाते.
"काका, हलू नका," पर्यवेक्षक म्हणतात. पोरसवदा आहेत.
प्रश्न तिसरा, गुण दहा :
मानवी चूक ही संकल्पना सोदाहरण स्पष्ट करा.

मी लिहिलं, 'मी'.
एवढं एकच अक्षर. आणि नजर पहिल्या पानावर गेली :
उत्तरपत्रिकेत स्वतःची ओळख पटेल
असा कोणताही मजकूर लिहू नये.
केवढं बरं वाटलं मला.
ते बरं वाटणं अजून उतरलेलं नाही.
खोडून लिहिलं, 'एका कारखान्यात एका कामगाराने',
आणि पुढे झरझर अडीच पानं, बाण काढून, आकृतीसकट.

परतताना आयटीआय सिग्नलच्या अलीकडे रंगनाथची टपरी.
थंडी अशी की हँडलवर हात चिकटत होते.
त्यानं उकळता चहा कपात ओतला,
उरलेल्या तीन बोटांनी कप धरला गरम बाजूनं
आणि कपाचा कान माझ्याकडे करून पुढे केला.
तो सगळ्यांनाच तसा देतो. मी आज पाहिलं.

"काय विचारलं होतं पेपरात?"

बाकं फार लहान होती, मी म्हणालो.