एक्स्चेंज

"नवं कापड सोडून
हे जुनंच कामून फाडायलाव, बाई?"
शमशोद्दीन मास्टरची कात्री हवेत थांबली.

साडी आत्याची. वॉयलची, हळदी,
काळ्या टिपक्यांची.
नेसून ती टेलिफोन एक्स्चेंजात बसायची,
"परभणी बोलतेय, नंबर सांगा."
कुणाला दिसत नव्हती,
तरी पदराला पिन रोज.

मी दिसते. बारा जणांना,
तिकिटाएवढ्या चौकटीत, छातीपर्यंत.
म्हणून कॉलर रुंद, टोकदार,
आत्याच्या लग्नातल्या फोटोत
काकांच्या शर्टाला आहे तशी.
बाह्या फुगीर, पण काखेत सैल;
परभणीच्या मे महिन्यात
घट्ट काहीच शोभत नाही.
खाली त्याच साडीचा घेरदार पायजमा.
इलॅस्टिक नको, नाडी घाला,
दिवसभर बसायचंय.
आणि खिसे. दोन. खोल.
"बायकांना खिसे?" मास्टर हसला,
पण शिवले त्यानं, दुहेरी टीप घालून.

मंगळवारी तिमाहीचे आकडे सांगत होते
आणि गल्लीत ओरड झाली:
नळ आला! नवव्या दिवशी.

फोन खिशात टाकला, कानात बोंडं,
फुगे कोपरावर सारले,
हौदात पाइप सोडत म्हटलं,
"हो सर, साडेबारा टक्के."
चौकटीत रिकामी खुर्ची.
तेवढा वेळ मीही
नुसता आवाज.

परतले तेव्हा कॉलर ओली, चिकटलेली.
पुण्याहून सायलीनं विचारलं,
"कसला गोड ड्रेस! कुठून घेतलास?"

एक्स्चेंजमधून, म्हटलं.

"अय्या, ऑफर कधीपर्यंत आहे?"