समजा, हे सगळं खरं असेल

होबार्टच्या चौथ्या मजल्यावरून
बंदरातली नारिंगी बोट दिसते.
बर्फ फोडत दक्षिणेला जाते म्हणे.
आम्ही इथे काही फोडत नाही.
आम्ही वाचतो.

सोमवारी एकतीस तक्रारी आल्या.
एका गृहस्थांचा डेंटिस्ट दात उपटताना शीळ घालत होता.
एका बाईंकडून स्फटिकवाल्याने नऊशे डॉलर उकळले;
स्फटिकवाला आमच्या नोंदवहीत नाही,
आणि जो वहीतच नाही
त्याच्या केसालाही आम्ही धक्का लावू शकत नाही.
तसं पत्र तयार असतं. फक्त नाव बदलायचं.

टॅम्झिन नवी आहे. विचारते, "आणि खोटं असलं तर?"
मला शिकवलं होतं तेच तिला सांगते:
पहिल्या वाचनात खऱ्याखोट्यात शिरायचं नाही.
म्हणायचं, समजा, हे सगळं खरं असेल.
मग उद्या सकाळी त्याच खुर्चीत
दुसरं कुणी जाऊन बसलं
तर त्याला धोका आहे का?
झाल्याचा नाही, होऊ शकेल त्याचा विचार.
तिने लिहून घेतलं.
लिहिणारा माणूस मात्र नेहमी
झाल्याबद्दलच लिहितो,
हे मी सांगितलं नाही. कळेल.

मग जीव्हस्टनहून आलेलं जाड पाकीट.
लिंडसे थॉर्प, वय अठ्ठ्याहत्तर.
रेघी कागद, पेन्सिल,
"चुकलं तर खोडता यावं म्हणून."
बायको एव्हिस. खोकला.
तीनदा नेली. तिन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, वयाचा आहे.
चौथ्यांदा अँब्युलन्सने नेली.
शेवटच्या पानावर एवढंच:
"मला पैसे नकोत. त्यांचं लायसन्सही नको.
त्यांनी तिच्या पाठीला एकदाही स्टेथोस्कोप लावला नाही,
हे कुणीतरी लिहून ठेवावं."

मी एकोणीस वर्षं वॉर्डात होते.
ती गार चकती आधी तळहातात धरायची,
ऊब आली की मग पाठीला.
फॉर्मवर धोका कमी, मध्यम, जास्त.
पाठीसाठी रकाना नाही.

डॉक्टरांचं उत्तर वकिलाकडून आलं,
दोन पानं, कातीव, कुठे टाचणी शिरणार नाही असं.
खाली मात्र त्यांच्या स्वतःच्या पेनाने:
"जांभळा स्वेटर आठवतो. आत आणखी तीन थर होते.
बाहेर माणसं ताटकळत होती."

मी "कमी"वर पेन टेकवलं होतं.
खेड्यात एकटा डॉक्टर, सत्तावीस वर्षं,
हिवाळा, चार थर लोकर.
माणूस आहे, म्हटलं.

बंद करण्याआधी नाव जुन्या नोंदींत घालायचं असतं.
घातलं.
एक ओळ वर आली.
तीन वर्षांपूर्वीचा जून. डोव्हरची एक बहीण, भावाबद्दल:
"शर्टाची बटणंसुद्धा काढायला लावली नाहीत."
निर्णय: एकटी घटना. पुढील कारवाई नाही.
खाली सही,
म्हणजे दोन अक्षरं,
माझी.

तेव्हा ती एकटीच होती, हे खरं आहे.
कुणीही तेच लिहिलं असतं, हेही.
समजा, हे सगळं खरं असेल.
मग?

टॅम्झिन कोट चढवून दारात उभी. "येताय?"
"तू हो पुढे."
बोटीवर दिवे लागले होते.
मी "चौकशीसाठी पुढे पाठवावे"वर खूण केली,
आणि थॉर्पना जाणाऱ्या छापील पत्रात
नियमात न बसणारी एक ओळ घातली:
पाठीला स्टेथोस्कोप लावला नव्हता, असं आपण कळवलंत;
ते लिहून ठेवलं आहे.

मग डोव्हरचा पत्ता काढून बसले.
ती अजून तिथेच राहते का, ठाऊक नाही.
तिला पाठवायला
तयार पत्र नाही.